रिको जीआर की फुजी एक्स१००? ठाणे-फोर्ट रोज जा-ये करणाऱ्यासाठी सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नोकरीसाठी रोज ठाणे ते फोर्ट प्रवास. जवळ कॅननचा १५००डी, सोबत १८-५५ची किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्याबरोबरच मिळणारी, आणि ५५-२५०चा झूम. ऑफिस सुटल्यावर किंवा शनिवारी सकाळी बाजारात, गल्लीबोळांत फोटो काढायला आवडतं. पण कॅमेरा डोळ्याला लावला की माणसं एकतर पोज देतात नाहीतर तोंड फिरवतात, आणि गर्दीच्या लोकलमध्ये ती बॅग सांभाळणं नको होतं. म्हणून रिको जीआर ३ किंवा फुजीफिल्म एक्स१००व्हीआय घ्यायचा विचार आहे. दोन्ही दोन दिवसांसाठी भाड्यानं मिळतायत. तर त्या दोन दिवसांत नेमकं काय तपासायचं, आणि त्यापेक्षा छोटी बॉडी घेऊन तिला वेगवेगळ्या लेन्स लावलेल्या बऱ्या का?

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत मिसळलेत. एक, कॅमेरा लहान हवा. दुसरा, माणसांच्या किती जवळ उभं राहून फोटो काढायचा. पहिला पैसे मोजले की सुटतो. दुसरा आधी सोडवला नाही, तर लाखाच्या पुढचा कॅमेरा घेऊनही माणसं तोंड फिरवतच राहतील. तुम्ही नाव घेतलेल्या दोन्ही कॅमेऱ्यांची लेन्स बदलता येत नाही. जीआर ३ला फुल फ्रेमच्या, म्हणजे जुन्या ३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या, हिशोबानं २८ मिमीची लेन्स कायमची बसवलेली आहे, एक्स१००व्हीआयला ३५ मिमीची (आकडा जितका लहान, तितकं दृश्य रुंद). यांतला कुठलाही घेतलात की पुढची काही वर्षं तुम्ही कुठल्या अंतरावर उभे राहणार, हे त्याच दिवशी ठरून जातं. म्हणून मी ज्यांना ज्यांना फोटो काढायला सोबत नेते, त्यांना कॅमेऱ्याची चर्चा बाजूला ठेवून आधी अंतराचा हिशोब करायला लावते.

हिशोब सोपा आहे. समोर उभा असलेला माणूस डोक्यापासून पायांपर्यंत, वर-खाली थोडी जागा सोडून, आडव्या फ्रेममध्ये बसवायचा असेल तर २८ मिमीला साधारण सव्वादोन-अडीच मीटरवर उभं राहावं लागतं. ३५ला जवळपास तीन मीटर, ४०ला तीन-सव्वातीन, ५०ला चार मीटरच्या थोडं पुढे. तुमचा ५५-२५० सगळ्यात मागे ओढला तरी कॅननच्या लहान सेन्सरवर तो ८८ मिमीसारखा दिसतो, म्हणजे सात मीटरच्या पुढे जावं लागणार. आता भुलेश्वरची एखादी गल्ली डोळ्यांसमोर आणा. दोन्ही बाजूंच्या फळ्या रस्त्यावर आलेल्या, मधून हातगाडी, तिच्यामागे स्कूटर. तिथे तुमच्यात आणि समोरच्या माणसात चार मीटर मोकळे राहतच नाहीत. कुणी ना कुणी मधे येणारच. त्यामुळे ५० मिमी घेऊन तिथे गेलेला माणूस दिवसभर लोकांच्या पाठी टिपून येतो. हीच ५० मिमी हॉर्निमन सर्कलच्या कमानींखाली किंवा मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर उत्तम चालते, कारण तिथे मागे सरकायला जागा आहे.

स्ट्रीट फोटोग्राफी, म्हणजे रस्त्यावरचे फोटो, म्हटलं की २८ मिमीच, असं इंटरनेटवर ठासून सांगितलं जातं. ते मला पटत नाही. फ्रेंच छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँनी बहुतेक सगळं काम ५० मिमीवर केलं. जपानचे छायाचित्रकार दाइदो मोरियामा रिको जीआर हातात घेऊन भटकतात आणि अगदी अंगाला खेटून फोटो काढतात. दोघांचंही काम रस्त्यावरचंच, पण दोघांची अंतरं वेगळी. तुमचं कुठलं, ते तुमचेच फोटो सांगतील.

त्यासाठी खर्च काही नाही. गेल्या वर्षभरातले तुम्हाला खरोखर आवडलेले रस्त्यावरचे फोटो वेगळे काढा आणि प्रत्येकाच्या मेटाडेटात (फोटोच्या फाइलसोबत साठवलेल्या माहितीत) फोकल लेंग्थ, म्हणजे लेन्सचा तो मिमीचा आकडा, बघा. आकड्याला १.६नं गुणलं की फुल फ्रेमचा आकडा मिळतो. फक्त एक सावधगिरी. किट लेन्स वापरणाऱ्यांचे फोटो बहुधा दोन टोकांना गोळा होतात, १८ला आणि ५५ला, कारण हात झूम रिंग टोकापर्यंत फिरवतो आणि तिथेच थांबतो. असं दिसलं तर ती आवड समजू नका.

मग दुसरी पायरी. किट लेन्सची झूम रिंग चिकटपट्टीनं घट्ट बांधून टाका. १८वर बांधलीत तर जवळपास जीआर ३चंच दृश्य मिळतं. २४च्या खुणेच्या किंचित अलीकडे, म्हणजे २२च्या आसपास, बांधली तर एक्स१००व्हीआयचं. २५ला जीआर ३एक्सचं, कारण रिकोनं २०२१मध्ये काढलेल्या त्या मॉडेलला ४० मिमीची लेन्स आहे. तुमच्या यादीत ते मॉडेल नाही, ते जरूर घाला. एक आठवडा एक अंतर, पुढच्या आठवड्यात दुसरं. मधे पट्टी काढायची नाही. शनिवारी घरी आल्यावर फोटो बघताना स्वतःला एकच प्रश्न विचारा: फ्रेममध्ये नको असलेल्या गोष्टी जास्त येतायत, की हव्या असलेल्या कापल्या जातायत? नको ते येत असेल तर तुम्ही त्या लेन्सला पुरेसे जवळ जात नाही आहात. मग एकतर जवळ जायला शिका नाहीतर लांबची लेन्स घ्या. हव्या असलेल्या गोष्टी कापल्या जात असतील तर रुंद लेन्स तुमची.

यात परिस्थितीचा भाग मोठा आहे, तो मान्य करायलाच हवा. मी बाई आहे. भाजीवाल्या मावशींच्या पुढ्यात दीड मीटरवर मी कॅमेरा घेऊन बसले तर त्या भाव विचारतात, फार तर हसतात. त्याच जागी पंचविशीचा अनोळखी मुलगा बसला तर त्यांचा पदर आधी सावरला जातो. उलट नाक्यावर पत्ते खेळणाऱ्या पुरुषांच्या घोळक्यात माझा एक विद्यार्थी सहज मिसळतो. तिथे मी गेले की खेळ थांबतो. त्यामुळे माझं अंतर तुमचं असेलच असं नाही. चिकटपट्टीची परीक्षा तुम्ही स्वतः, तुमच्या नेहमीच्या गल्ल्यांमध्येच द्यायला हवी, ती याचसाठी.

आता आकाराबद्दल. ‘कॉम्पॅक्ट’ म्हटलं की आपण वजनाचा विचार करतो, पण वजनाचे आकडे शेजारी ठेवले की चित्र बदलतं. जीआर ३चं वजन बॅटरी-कार्डासह २५७ ग्रॅम. तो खरोखरच शर्टाच्या खिशात जातो. एक्स१००व्हीआय ५२१ ग्रॅमचा. तुमचा १५००डी ४७५ ग्रॅमचा, आणि त्यावर कॅननची २४ मिमी एफ/२.८ पॅनकेक लेन्स (चपटी, जेमतेम बाहेर येणारी) लावली की आणखी १२५. सगळे मिळून ६००. म्हणजे फुजी आणि तुमचा सध्याचा कॅमेरा यांत, योग्य लेन्स लावली तर, फरक ८० ग्रॅमचा! ती पॅनकेक जुन्या बाजारात एक्स१००व्हीआयच्या किमतीच्या अगदी थोड्या भागात मिळून जाते आणि तुमच्या बॉडीवर ३८ मिमीसारखी दिसते. लोक बिचकतात ते मुख्यतः पुढे आलेल्या लेन्सच्या नळकांड्याला आणि खटॅक आवाजाला. नळकांडं पॅनकेकनं जातं. फोटो घेताना आत उचलल्या जाणाऱ्या आरशाचा आवाज मात्र जात नाही. तो तुम्हाला खरोखर नडतोय का, ते आधी बघा. क्रॉफर्ड मार्केटच्या गलक्यात कोणालाही तो ऐकू येत नाही. एखाद्या वाचनालयात किंवा देवळाच्या ओसरीवर येतो.

पट्टी बांधून झाली, अंतर ठरलं आणि तरीही नवा कॅमेरा हवासा वाटतोय, तरच भाड्यानं आणा. आणल्यावर लेन्स किती धारदार आहे, हाय आयएसओला (सेन्सरची प्रकाश टिपण्याची क्षमता वाढवल्यावर) किती नॉइज, म्हणजे दाणेदारपणा, येतो, याची परीक्षा घेत बसू नका. दोन्ही कॅमेऱ्यांचे सेन्सर एपीएस-सी आकाराचे, साधारण तुमच्या १५००डीएवढे, आहेत आणि मोठ्या प्रिंटला पुरून उरतात. तुम्हाला तपासायचंय ते हे, की कॅमेरा बंद असताना समोर काही घडलं तर तुमचा हात किती पटकन आणि न बघता तयार होतो.

यासाठी दादरचं फूल मार्केट माझ्या मते मुंबईतली सगळ्यात चांगली जागा. पहाटे साडेपाच-सहाला जा. पुलाखाली ट्यूब आणि एलईडीचा उजेड, बाहेर हळूहळू उजाडत असतं, जमिनीवर ओल, दोन्ही बाजूंना झेंडूची पोती आणि वर टांगलेले शेवंतीचे हार. समोरून डोक्यावर पाटी घेतलेला हमाल येतो, “बाजू, बाजू” करत. तो पाच मीटरवर दिसला की तुमच्यापाशी पोचायला त्याला तीन-चार सेकंद लागतात. तेवढ्या वेळात ऑटोफोकस काय करतो ते बघा. मधे लोंबणाऱ्या हारावर तो अडकतो, मग मागच्या पोत्यावर जातो, आणि माणसावर येईपर्यंत माणूस निघून गेलेला असतो. कॅमेरा कितीही महाग असला तरी अशा ठिकाणी त्याला कळत नाही की तुम्हाला हार नकोय, हमाल हवाय.

म्हणून इथे झोन फोकस. फोकस आधीच एका अंतरावर लावून ठेवायचा, ॲपर्चर (लेन्समधलं उजेड आत घेणारं छिद्र; एफचा आकडा मोठा तितकं ते लहान) लहान ठेवायचं, म्हणजे त्या अंतराच्या पुढेमागे बराच पट्टा स्पष्ट येतो, आणि माणूस त्या पट्ट्यात आला की बटण दाबायचं. जीआर ३मध्ये याची सोय फार सुरेख आहे. स्नॅप फोकस म्हणून दीड, दोन, अडीच मीटर अशी अंतरं निवडता येतात, आणि बटण अर्धं न दाबता एका दमात पूर्ण दाबलं की कॅमेरा शोधाशोध न करता त्या अंतरावर फोकस करून फोटो घेतो. अर्धं दाबलं तर नेहमीचा ऑटोफोकस. एकाच बोटाच्या दाबावर दोन्ही पद्धती. त्याची लेन्स प्रत्यक्षात १८.३ मिमीची आहे. एफ/८ला फोकस दोन-सव्वादोन मीटरवर ठेवला तर सुमारे १.१ मीटरपासून पार लांबपर्यंत सगळं समाधानकारक स्पष्ट येतं. एक्स१००व्हीआयची प्रत्यक्ष लेन्स २३ मिमीची. तिच्यात एफ/८ आणि अडीच मीटर ठेवलं तर अंदाजे दीड मीटरपासून साडेआठ मीटरपर्यंतचा पट्टा मिळतो. हाही रस्त्याला पुरेसा आहे. फुजीत फोकसची रिंग फिरवून व्ह्यूफाइंडरमधल्या (डोळा लावायच्या खिडकीतल्या) अंतरपट्टीवर हे लावावं लागतं, पण त्याची ॲपर्चर रिंग आणि शटरची चकती वर डोळ्यांना दिसते, कॅमेरा बंद असतानाही. न बघता हाताला सापडणारी गोष्ट म्हणून मला ती रिंग फार मोलाची वाटते.

झोन फोकसची एक अडचण आहे आणि ती दादरलाच कळते: पहाटेच्या उजेडात एफ/८ परवडत नाही. चालता माणूस स्थिर यायला शटर कमीत कमी १/२५० सेकंद हवा, घाईत असेल तर १/५००. त्या उजेडात एफ/८ आणि १/२५० म्हटलं की आयएसओ अस्मानाला भिडतो. मग एफ/४वर यावं लागतं, पट्टा खूपच आक्रसतो आणि अंतराचा अंदाज चोख असावा लागतो. भाड्याच्या दोन दिवसांत नेमकं हेच करून बघा. एफ/४, फोकस दोन मीटरवर, आयएसओ ऑटो, त्याची कमाल मर्यादा ६४००, किमान शटर १/२५०. घरी येऊन मोजा, किती फोटोंमध्ये माणूस फोकसमध्ये आहे. दोन मीटर म्हणजे किती, हे डोळ्यांना बसायला हवं. मुलांना शिकवताना मी त्यांना घरातल्या पलंगाच्या लांबीवरून सुरुवात करायला सांगते. पलंग साधारण तेवढाच असतो.

बाजारातल्या दिव्यांबद्दल एक महत्त्वाची गोष्ट, जी दुकानात कोणी सांगत नाही. दोन्ही कॅमेऱ्यांत शटर लेन्समध्ये बसवलेलं आहे, त्यामुळे त्याचा आवाज मुळातच नगण्य आहे. तरीही लोक हौसेनं फुजीचं इलेक्ट्रॉनिक शटर चालू करतात, पूर्ण शांतता म्हणून. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्तातले एलईडी आणि ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्यांना ते दिसत नाही, पण इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सर ओळीओळीनं वाचतं, आणि फोटोभर आडवे काळे पट्टे उमटतात. धावती टॅक्सी किंवा बस टिपली तर तिरकी झालेली दिसते ती वेगळीच. शहरात रात्री मेकॅनिकल शटरच ठेवा. पट्टे आलेच तर शटर १/१०० किंवा १/५०वर आणून बघा.

दुसरा प्रकाश दुपारचा. शनिवारी एक-दीडला बोरा बाजारातून फिरा. रस्त्याच्या मधोमध कडक उन्हाची पट्टी आणि दोन्हीकडे इमारतींची गडद सावली, म्हणजे कुठल्याही कॅमेऱ्याच्या प्रकाश मोजणाऱ्या मीटरला गोंधळात पाडणारा उजेड. इथे जीआरची सगळ्यात मोठी उणीव समोर येते. त्याला व्ह्यूफाइंडर नाही, आणि उन्हात मागच्या पडद्यावर काही म्हणजे काही नीट दिसत नाही. ज्यांना फ्रेमचे कोपरे बघून काढायची सवय आहे त्यांना याचा खूप त्रास होतो. ज्यांना कॅमेरा छातीशी धरून अंदाजानं काढायला जमतं, त्यांचं यावाचून काही अडत नाही, उलट चेहरा झाकला जात नाही म्हणून समोरचाही बिचकत नाही. फुजीत ऑप्टिकल आणि इलेक्ट्रॉनिक असे दोन्ही व्ह्यूफाइंडर एका खिडकीत आहेत. ऑप्टिकलमध्ये फ्रेमच्या बाहेरचंही दिसतं, त्यामुळे कोण आत शिरणार आहे ते आधी कळतं. मला स्वतःला ते पसंत आहे. दुपारी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम गडद किंवा उजळ घेण्याची सोय) उणे १च्या आसपास ठेवून बघा. पांढरा सदरा उन्हात जळाला तर परत येत नाही. सावली मात्र रॉ फाइलमधून, म्हणजे सेन्सरच्या प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमधून, बरीचशी उघडता येते.

तिसरा प्रकाश तुमचा रोजचा, ऑफिस सुटतानाचा. इथे दोन्ही कॅमेऱ्यांतली एक सोय तपासण्यासारखी आहे, ती म्हणजे सेन्सर हलवून हाताचा कंप कमी करण्याची. छायाचित्रकार रघु राय यांचा १९९५मधला चर्चगेट स्थानकावरचा फोटो तुम्ही पाहिला असेल: वर्तमानपत्र वाचणारी माणसं स्थिर आणि सभोवतालचा लोंढा धुरासारखा वाहणारा. ती किमया मंद शटरची. आजच्या कॅमेऱ्यात १/४ ते १/८ सेकंद हातात धरून असं काही करता येतं, तिपाई लागत नाही. स्टेशनबाहेरच्या फुटपाथवर, कठड्याला टेकून, गर्दी सुटताना प्रयत्न करा. अजून उजेड असेल तर आतला एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी काच, लावा. फुजीत तो चार स्टॉपचा आहे, रिकोत दोनचा (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). एक्स१००व्हीआयच्या आधीचं मॉडेल, एक्स१००व्ही, स्वस्तात मिळतोय म्हणून कोणी गळ घातली तर लक्षात ठेवा, त्याच्यात ही कंप कमी करण्याची सोय नाही. तुम्हाला गर्दीचा हा प्रवाही परिणाम नको असेल, तर मात्र तो अजूनही फार चांगला कॅमेरा आहे.

लेन्स बदलता येणाऱ्या छोट्या बॉडीबद्दल थोडक्यात. पर्याय चांगले आहेत. कॅननचा आर५० आणि आरएफ २८ मिमी एफ/२.८ मिळून पाचशे ग्रॅमच्या आत बसतात, आणि दृश्य ४५ मिमीचं मिळतं. निकॉनचा झेड३० आणि २४ मिमी एफ/१.७ साधारण ५४० ग्रॅम, दृश्य ३६ मिमीचं, वर उजेडासाठी एफ/१.७. फुजीच्या छोट्या बॉडींना २३ मिमी एफ/२ किंवा २७ मिमी एफ/२.८ शोभतात. चिकटपट्टीच्या आठवड्यांमध्ये तुमचं मन दोन अंतरांमध्ये सारखं हेलकावत राहिलं, तर हाच मार्ग तुमचा. पण दोन लेन्स घेतल्या तरी घरातून निघताना एकच लावून निघा, दुसरी घरी ठेवा. रस्त्यावर लेन्स बदलणारा माणूस त्या दोन मिनिटांत समोरचं काहीच बघत नसतो, आणि मुंबईच्या धुळीत सेन्सर उघडा टाकत असतो.

हवामानाचं मात्र कोणत्याही कॅमेऱ्याला चुकत नाही. जीआर ३ला पाणी-धुळीपासून संरक्षण नाही. लेन्स आत-बाहेर होताना धूळ सेन्सरपर्यंत गेल्याची तक्रार बरेच वापरणारे करतात, आणि लेन्स निघत नसल्यानं ती घरी साफ करता येत नाही. खिशात टाकायचा कॅमेरा म्हणूनच आधी खिसा झटका, किंवा साधी कापडी पिशवी शिवून घ्या. एक्स१००व्हीआय पावसाच्या तुषारांना तोंड देतो, पण पुढे अडॅप्टर रिंग आणि फिल्टर लावला असेल तरच. नुसता कॅमेरा जूनमध्ये बाहेर काढू नका. दुसरी गोष्ट, एसी ऑफिसातून किंवा एसी लोकलमधून बाहेर पडताच लेन्सवर वाफ धरते. कॅमेरा बॅगेतच ठेवून पाच-दहा मिनिटं जाऊ द्या, पुसत बसू नका. पावसाळ्यात घरी हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवा, नाहीतर लेन्सला बुरशी लागते. जीआरची बॅटरी कंपनीच्याच हिशोबानं २०० फोटोंची आहे, तेव्हा एक जादा बॅटरी धरूनच किंमत मोजा.

माणसांबद्दल तुम्ही मोघम विचारलंय, पण मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. कॅमेरा लहान झाला म्हणजे लपून काढता येईल, या विचारानं कृपा करून घेऊ नका. लपवलेला हात समोरच्याला लगेच कळतो आणि तिथूनच वाद सुरू होतात. कॅमेरा उघड हातात ठेवा, एका जागी दहा-पंधरा मिनिटं थांबा, चहा घ्या. लोकांना तुमची सवय होऊ द्या. नजरानजर झाली तर मान हलवा. “काका, इथला उजेड फार सुंदर पडलाय, एक फोटो काढू का?” असं सरळ विचारलं तर बहुतेक जण हो म्हणतात, आणि परवानगीनंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटाला ते पुन्हा आपल्या कामाला लागतात, तेव्हा खरा फोटो मिळतो. नाही म्हणाले तर तिथेच थांबायचं, काढलेला असेल तर त्यांच्यासमोर पुसून टाकायचा. रस्त्यावर फोटो काढायला सरसकट बंदी नसली तरी स्टेशनं, गोदी, नौदलाचा परिसर इथे नियम वेगळे आहेत. तिथे आधी विचारा. आणि झोपलेली, आजारी, भीक मागणारी माणसं, अंघोळ करणारी मुलं यांच्यासमोर कॅमेरा खाली ठेवावा, असं माझं ठाम मत आहे. ती नकार देऊ शकत नाहीत.

आता माझा कौल, तुमच्या वर्णनावरून. रोज लोकलनं प्रवास, ऑफिसची बॅग, फोटोला वेळ संध्याकाळचा अर्धा तास आणि शनिवारची सकाळ. अशा दिनक्रमात जो कॅमेरा खरोखर रोज सोबत येतो तोच कामाचा, आणि आकारानं तो जीआर आहे. तुम्ही आतापर्यंत झूमनं लांबून काढत आलात हे बघता, थेट २८वर उडी मारण्यापेक्षा जीआर ३एक्सची ४० मिमी तुम्हाला लवकर जमेल असा माझा अंदाज आहे. पण चिकटपट्टीच्या आठवड्यांत १८वरचे फोटो तुम्हाला जास्त जिवंत वाटले, तर माझं ऐकू नका, जीआर ३ घ्या. व्ह्यूफाइंडरशिवाय दुपारी हात-पाय गाळून बसायला झालं, तर एक्स१००व्हीआय. त्याचं वजन जास्त असलं तरी त्याच्यातून बघण्याचा आनंद वेगळा आहे. आणि यातलं काहीही न घेता २४ मिमीची पॅनकेक घेऊन १५००डीवर वर्षभर काम केलंत, तर सगळ्यात जास्त आनंद मला होईल, कारण उरलेल्या पैशांत तुम्ही फोटोंच्या मोठ्या प्रिंट काढू शकाल.

जुना घेणार असाल तर दुकानातच एक चाचणी करा. ॲपर्चर एफ/१६, फोकस मुद्दाम हलवलेला, पांढऱ्या भिंतीचा किंवा मोकळ्या आकाशाचा फोटो. तो पडद्यावर मोठा करून चारही कोपऱ्यांपर्यंत बघा. काळसर ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. लेन्स निघणाऱ्या कॅमेऱ्यात हे साफ करून घेता येतं. जीआरमध्ये मात्र कॅमेरा उघडावा लागतो, आणि तो खर्च किमतीतून कापून मागायला संकोच करू नका. लेन्स दोन-चार वेळा आत-बाहेर करून बघा, मधे अडखळते का, घरघरते का. एक्स१००मध्ये ॲपर्चरची रिंग आणि शटरची चकती दोन्ही टोकांपर्यंत फिरवून बघा. टॉर्चचा उजेड लेन्समधून तिरका सोडलात तर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी असेल ती दिसते. समुद्राजवळ राहणाऱ्याकडून घेताना हे जास्त बारकाईनं तपासा.